नऊ राशी, बावीस नक्षत्रं आणि दोन चंद्र : एका काल्पनिक जगाचं पंचांग

फॅन्टसी कथांमध्ये ज्योतिष आलं की बहुतेक वेळा काय होतं, तर आपल्याच बारा राशी उचलायच्या, सिंहाच्या जागी ड्रॅगन आणि वृश्चिकाच्या जागी दुसरं काहीतरी ठेवायचं, आकाशात दोन-तीन चंद्र टांगायचे आणि पुढे गोष्ट सुरू. मला हे कधीच पटलेलं नाही. राशी बारा आहेत कारण आपल्या वर्षात साधारण बारा पौर्णिमा येतात, नक्षत्रं सत्तावीस आहेत कारण आपल्या चंद्राला ताऱ्यांमधून एक फेरी मारायला २७.३ दिवस लागतात. चंद्र बदलला, वर्ष बदललं की हे सगळे आकडे बदलायलाच हवेत. ज्योतिष हे आकाशातून उगवतं, त्यामुळे आधी आकाशाचं गणित करायचं आणि मग तिथल्या माणसांना त्या आकाशाकडे बघू द्यायचं, म्हणजे त्यांचं पंचांग, त्यांचे सण, त्यांची भीती हे सगळं त्यातून आपोआप बाहेर पडतं. मी सध्या समुद्रकाठच्या एका गावाची मोठी फॅन्टसी लिहितेय, नायिका पंचांग करणाऱ्या घरातली आहे, त्यामुळे मला हे सगळं खरंच लागणार होतं. तर ते कसं केलं ते लिहिते.

सुरुवात ताऱ्यापासून. माझा सूर्य आपल्या सूर्याच्या ०.८ पट वजनाचा घेतला, थोडा नारिंगीकडे झुकणारा. ताऱ्याचं तेज त्याच्या वस्तुमानाच्या साधारण साडेतीनाव्या घातात बदलतं, हा ढोबळ नियम आहे पण गोष्टीसाठी पुरतो. म्हणजे वजन ०.८ असलं तरी तेज ०.४६ च, निम्म्याहून कमी. मग पृथ्वीइतकीच ऊब हवी तर ग्रह जवळ आणावा लागतो, तेजाचं वर्गमूळ काढलं की अंतर मिळतं, पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.६८ पट. आता केप्लरचा तिसरा नियम : वर्षाचा वर्ग म्हणजे अंतराचा घन भागिले ताऱ्याचं वस्तुमान. उत्तर येतं ०.६२ वर्ष, म्हणजे २२७ दिवस आणि वर थोडे तास. दिवस मी आपल्यासारखाच २४ तासांचा ठेवला, वाचकावर सगळीकडून ओझं टाकण्यात अर्थ नाही.

हा एकच आकडा आला आणि किती गोष्टी हलल्या बघा. आपल्याकडे तिशीत असलेली बाई तिथे अठ्ठेचाळीस वर्षांची म्हणवणार. भाताचं हळवं, म्हणजे लवकर येणारं वाण घेतलं तरी ते ११० दिवसांच्या आसपास घेणारच, म्हणजे जवळजवळ अर्धं वर्ष एका पिकात गेलं, आणि उशिरा येणारं गरवं भात लावायची तर कुणाची हिंमतच होणार नाही. पेरणी आठ दिवस चुकली की वर्ष गेलं. अशा जगात पंचांग करणाऱ्या माणसाला गावात काय मान असेल! हे मला कथेसाठी हवंच होतं, पण ते मी लादलं नाही, गणिताने दिलं.

आता चंद्र. इथे मी सगळ्यात जास्त रमले.

चंद्र कुठेही ठेवता येत नाही. ग्रहाची पकड एका मर्यादेपर्यंतच असते, तिला हिल स्फिअर म्हणतात, आणि माझ्या ग्रहासाठी ती साधारण ११ लाख किलोमीटर निघते. चंद्र वर्षानुवर्षं टिकायचा तर त्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असलेला बरा. म्हणून मोठा चंद्र ठेवला ३ लाख ३५ हजार किलोमीटरवर आणि धाकटा दीड लाखावर. गावातले लोक त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतात, दोघी बहिणी. थोरलीची एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंतची फेरी २४.६३ दिवसांची. धाकटीची ६.८६ दिवसांची. म्हणजे तिथे आठवडा आकाशात दिसतो! आपले सात वार सात ग्रहांच्या नावांवरून आलेत, तिथे वार ग्रहांचे नसणारच, धाकटीच्या कलांचे असणार. कोरीचा वार, अर्धीचा वार, भरलेलीचा वार असे. आणि ६.८६ हा आकडा पूर्ण सात नाही, त्यामुळे दर सातेक आठवड्यांनी एक वार गाळावा लागणार. मग त्या गाळलेल्या वारी बाजार भरतो का, मजुरी मिळते का, हे प्रश्न आलेच.

धाकटी आकाशात पळते. आपला चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, ही रोज चार तास उशिरा उगवते. ताऱ्यांमधून तिची चाल तासाला सव्वादोन अंश, म्हणजे स्वतःच्या रुंदीइतकं अंतर ती पाव तासाच्या आतच कापते. ओट्यावर बसून एखाद्या चांदणीजवळ तिला बघत राहिलात तर ती त्या चांदणीला गिळताना आणि पलीकडून सोडताना एका बैठकीत दिसेल. अशी हालचाल डोळ्यांदेखत दिसणाऱ्या जगात लहान मुलांनाही आकाश फिरतं हे सांगावं लागणार नाही, आणि घड्याळ नसलं तरी खलाशी धाकटीकडे बघून वेळ सांगतील.

मग दोघींचे आकार. मला आकाशात दोघी सारख्या दिसायला हव्या होत्या, अर्धा अंश, आपल्या चंद्राएवढ्याच. थोरली ३००० किलोमीटर व्यासाची, धाकटी जवळ असल्याने १३५० ची पुरते. आणि इथे एक इतकी सुंदर गोष्ट हाती लागली की मी ती भेटेल त्याला सांगत सुटले. भरती-ओहोटीचा जोर चंद्राच्या वस्तुमानावर आणि अंतराच्या घनावर ठरतो. वस्तुमान आकाराच्या घनावर. म्हणजे दोन चंद्र सारख्याच घनतेचे असतील आणि आकाशात सारखेच मोठे दिसत असतील, तर ते भरतीही सारखीच आणतात, कितीही जवळ-लांब असोत. धाकटी वजनाने थोरलीच्या अकराव्या हिश्श्याची, पण समुद्राला दोघी सारख्याच ओढतात. कोळ्याला हे गणित माहीत नसेल, पण डोळ्याला सारख्या दिसणाऱ्या दोन बहिणी पाण्यालाही सारख्याच ओढतात हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असणार.

सूर्यही जवळ आहे, त्यामुळे तिथे सूर्याची भरती एकेका चंद्राच्या भरतीपेक्षाही थोडी जास्तच भरते. तिघं एका रेषेत आले की उधाण आपल्या उधाणाच्या दुपटीहून मोठं. मुंबईत पावसाळ्यात पाच मीटरच्या आसपास भरती आली की दिवसभर बातम्या चालतात, तर तिथे काय होईल याचा अंदाज करा. म्हणून गाव खाडीच्या काठावर नाही, वर टेकडीवर आहे, आणि खाली फक्त होड्या आणि मिठागरं. आपल्याकडे उधाणाची मोठी भरती आणि भांगाची छोटी भरती असे दोनच प्रकार, तिथे निदान चार नावं लागतील, कारण दोघी एकत्र पण सूर्य आडवा, किंवा एक सूर्याबरोबर आणि दुसरी आडवी, असे वेगवेगळे मेळ पडतात. कोणत्या मेळाला जाळं टाकायचं आणि कोणत्याला होडी वर ओढायची हे सांगणारा माणूस म्हणजेच तिथला पहिला ज्योतिषी. माझ्या मते तिथलं फलज्योतिष आधी भरतीतून आलं, लग्नाचे मुहूर्त आणि मुलांच्या पत्रिका हे फार नंतरचं.

ग्रहणांनी तर मला पूर्ण वेगळ्याच वाटेला नेलं. धाकटीची कक्षा सूर्याच्या वाटेशी फक्त दीड अंश कलती ठेवली. दीड लाख किलोमीटरवर ग्रहाची सावली मधून कडेपर्यंत दोन अंशांहून जास्त रुंद असते. म्हणजे धाकटी सावली चुकवूच शकत नाही. दर पौर्णिमेला ग्रहण, तेही खग्रास, साधारण दीड-दोन तास. म्हणजे दर आठवड्याला धाकटी भरते आणि नेमकी भरल्या क्षणी लाल होते. त्या जगातल्या कुणीही पूर्ण भरलेली पांढरी धाकटी कधीच पाहिलेली नाही!

मग तिथे ग्रहण पाळतील का? अन्नात तुळशीचं पान टाका, बाहेर पडू नका, हे सगळं आपल्याकडे आलं कारण ग्रहण क्वचित येतं आणि पूर्वी ते बहुतेकांना अचानक यायचं. जे दर आठवड्याला येतं त्याची भीती राहत नाही, त्याचा उपास होतो. आपली संकष्टी चंद्र दिसल्यावर सुटते, तसा त्यांचा साप्ताहिक उपास धाकटी लाल झाली की सुरू होतो आणि पुन्हा पांढरी झाली की भाकरी मोडायची, दोन तासांचा उपास, म्हातारी माणसंही करतात. मला हा सण फार आवडतो.

भीती सगळी थोरलीच्या वाट्याला. तिची कक्षा सहा अंश कलती आहे, त्यामुळे तिला ग्रहण क्वचितच लागतं, आणि ते कधी लागेल हे ठरतं तिच्या पातबिंदूंवर, म्हणजे तिची वाट सूर्याच्या वाटेला छेदते त्या दोन जागांवर, ज्यांना आपण राहू-केतू म्हणतो. आपले राहू-केतू साडेअठरा वर्षांत उलटी फेरी पूर्ण करतात. थोरलीचे ढोबळ हिशेबाने तिथल्या साडेतेरा वर्षांत. तांत्रिकदृष्ट्या चार छायाग्रह झाले, दोन बहिणींचे दोन-दोन, पण धाकटीच्या पातांना कुणी विचारत नाही कारण ते असोत नसोत तिला ग्रहण लागतंच. थोरलीच्या पातांना लोक वरचं दार आणि खालचं दार म्हणतात, आणि जन्मवेळी थोरली दारात असलेलं मूल म्हणजे घरात कुजबुज. गावात म्हण आहे, थोरली झाकली, बियाणं राखा. थोरलीला ग्रहण लागलं त्या महिन्यात पेरायचं नाही.

आणि साधारण पाच-पाच महिन्यांनी अशी एक रात्र येते की दोघींची पौर्णिमा एकत्र पडते. थोरली पांढरीशुभ्र भरलेली आणि तिच्या जवळच धाकटी लाल. वर्षातून जेमतेम दोनदा. या रात्रीचं वर्णन मी कथेत सगळ्यात मन लावून केलंय.

पंचांगाचा सांगाडा आता उभा राहतो. वर्षात थोरलीच्या सव्वानऊ पौर्णिमा, म्हणून नऊ महिने, नऊ राशी, प्रत्येक राशी चाळीस अंशांची. नऊ महिन्यांचे साधारण २२२ दिवस होतात, वर्ष २२७ च्या वर, दरवर्षी पावणेसहा दिवसांचा फरक साचतो, म्हणून सव्वाचार वर्षांनी एक अधिक महिना. आपल्याकडे तो साडेबत्तीस महिन्यांनी येतो. तिथी तीस ठेवल्या तर एकेक तिथी वीस तासांहूनही लहान पडते आणि सतत क्षय तिथी, म्हणजे गळणाऱ्या तिथी, येत राहतात, म्हणून मी चोवीस केल्या, बारा शुद्ध आणि बारा वद्य. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी थेट पौर्णिमा, मध्ये त्रयोदशी-चतुर्दशी काही नाही. गंमत म्हणजे आपली तिथी सरासरी दिवसाहून किंचित लहान असते म्हणून क्षय जास्त होतात, त्यांची चोवीस तास अडतीस मिनिटांची, म्हणून तिथे वृद्धी जास्त. एकच तिथी दोन दिवस. दोन दिवस एकादशी आली की कुठली धरायची यावर भांडणं तिथेही होणारच.

नक्षत्रं बावीस, कारण थोरली ताऱ्यांमधून २२.२ दिवसांत फिरते. आता बावीस नक्षत्रं नऊ राशींमध्ये कशी बसवायची? आपल्याकडे सत्तावीस नक्षत्रांचे चार-चार चरण, एकशे आठ चरण, एका राशीत नऊ चरण, सगळं चपखल बसतं आणि जपमाळेचे मणीही १०८. तिथे बावीस आणि नऊ यांना एकत्र आणायचं तर एका नक्षत्राचे नऊ चरण करावे लागतात, एका राशीत बावीस चरण येतात आणि एकूण १९८. तर त्या जगातली जपमाळ एकशे अठ्ठ्याण्णव मण्यांची आहे. नायिकेच्या आजीच्या हातात ती माळ पहिल्याच प्रकरणात आहे, लांबलचक, मांडीवर दोनदा दुमडलेली, दर बावीस मण्यांनंतर एक गाठ. ही गाठ राशी बदलल्याची खूण, हे वाचकाला पुढे कुठेतरी आपोआप कळावं अशी माझी इच्छा आहे.

शेतकऱ्याची नक्षत्रं मात्र सूर्याची, आपल्याकडे मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस अशी जातात तशी. सूर्य तिथे एका नक्षत्रात सव्वादहा दिवस राहतो. पावसाच्या नक्षत्रांना माणसांसारखी वयं द्यायची आपल्या लोकांची ही रीत मला फार प्रिय आहे, त्यामुळे तिथल्या पावसालाही मी रांगतं, तरणं, पोक्तं असं केलंय.

बाकीचे ग्रह थोडक्यात. सूर्याजवळ एक, दिवटी, सकाळ-संध्याकाळ दिसणारी, सूर्यापासून ३६ अंशांपलीकडे कधी जात नाही. आकडे मांडल्यावर असं निघालं की पाच वर्षांत ती बरोबर सहा वेळा सूर्याच्या अलीकडून जाते आणि त्या सहा जागा राशीचक्रावर जोडल्या तर षट्कोन होतो. आपला शुक्र आठ वर्षांत पाच जागा दाखवतो. त्यामुळे तिथल्या देवळांच्या पायऱ्या, रांगोळ्या, सगळं सहा पाकळ्यांचं. लांब दोन मोठे ग्रह, गुराखी आणि म्हातारा. गुराखी तिथल्या सव्वादहा वर्षांत फेरी मारतो. आपल्याकडे गुरू सिंहेत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आणि कन्येत गेला की कृष्णेकाठी कन्यागत, तशी त्यांचीही एक नदी आणि एक राशी आहे. म्हातारा सव्वीस वर्षांहून थोडा जास्त घेतो, एका राशीत जवळजवळ तीन वर्षं, म्हणजे मागची, स्वतःची आणि पुढची राशी धरून त्यांची साडेसाती तिथल्या पावणेनऊ वर्षांची. आपल्या हिशेबाने साडेपाच. पत्रिका तीन गुणिले तीन चौकटींची, मधलं घर लग्नाचं, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीचं, आणि भोवती आठ, आणि लग्नराशी दोन तास चाळीस मिनिटांनी बदलते.

आता मोठा प्रश्न, त्या जगात ज्योतिष खरं ठरतं का? पुण्यात जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांपुढे ठेवून चाचणी घेतली होती आणि निकाल नाणं उडवून येईल त्यापेक्षा बरा आला नाही. मला स्वतःला ते पूर्ण मान्य आहे. पण फॅन्टसीत लेखक वेगळा नियम करू शकतो, आणि मी तो केला नाही. माझ्या जगात भरतीचं भाकीत खरं ठरतं, पेरणीचं बऱ्यापैकी ठरतं आणि माणसाचं ठरत नाही, आणि तिन्ही सांगणारा माणूस एकच असतो. ज्याचं उधाण कधी चुकत नाही त्याने सांगितलेलं लग्न तरी कसं मोडायचं? केप्लरचा विचार करा, १६१९ मध्ये तिसरा नियम छापणारा हाच माणूस १६०८ मध्ये पुढे सेनापती झालेल्या वालेनस्टाइनची पत्रिका मांडत होता. माझी नायिका त्याच जागी उभी आहे.

तिच्या घराण्याची पद्धत मी आपल्या गणेश दैवज्ञांवरून घेतली. मुरूडजवळच्या नांदगावचे हे ज्योतिषी, त्यांचा ग्रहलाघव हा ग्रंथ १५२० चा, आणि त्यात ज्या-चाप यांच्या, म्हणजे त्रिकोणमितीच्या, भानगडीत न पडता नुसत्या बेरीज-वजाबाकी-गुणाकारांनी ग्रह काढता येतात, अकरा-अकरा वर्षांची चक्रं धरून. म्हणून तो गावोगावच्या जोश्यांपर्यंत पोचला. कोकणातल्या एका माणसाने आकाश इतकं सोपं करून ठेवलं याचं मला मनापासून कौतुक आहे. नायिकेच्या घरीही अशीच पाठ करायची कोष्टकं आहेत, त्यातलं मोठं चक्र पाच महिन्यांचं, कारण पाच थोरल्या म्हणजे अठरा धाकट्या, फक्त सात-एक तासांचा फरक.

आणि तो फरक साचतो. त्यातच तिथलं संपातचलन, म्हणजे ग्रहाच्या अक्षाचं भोवऱ्यासारखं हळूहळू डुलणं, जोरात आहे, दोन चंद्र आणि जवळचा सूर्य मिळून अक्षाला आपल्या दुपटीहून जास्त ओढतात, त्यामुळे जे आपल्याकडे २६ हजार वर्षांच्या आसपास चालतं ते तिथे आपल्या बारा हजारांत उरकतं. संक्रांत आपल्याकडे साधारण ७२ वर्षांत एक दिवस सरकते, तिथे आपल्या पन्नासेक वर्षांत. आजी लहान असताना जो सण पेरणीच्या दिवशी यायचा तो आता दुसऱ्या दिवशी येतो, आणि इतक्या लहान वर्षात एक दिवसही जाणवतो. मग दोन पक्ष पडतात, जुनी कोष्टकं धरणारे आणि आकाशाकडे बघून दुरुस्ती मागणारे. आपल्याकडेही टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत अधिक महिना वेगळा पडला की रत्नागिरीकडे गणपती महिनाभर आधी बसतात, तेव्हा हे काही हवेतलं नाही.

कथेत एक वर्ष असं येतं की वरच्या गावाने अधिक महिना धरलाय आणि खालच्या वाडीने नाही. दोन्ही पंचांगांत मोठ्या उधाणाची तिथी एकच लिहिली आहे, दोघांचाही त्यावर विश्वास आहे, पण ती दोन वेगळ्या रात्री पडतेय, आणि खालच्या वाडीच्या होड्या त्यातल्या पहिल्या रात्री वर ओढलेल्या असतील की पाण्यात, हे नायिकेच्या एका बेरजेवर अवलंबून आहे. सध्या मी तेच प्रकरण लिहितेय.